पाहुण्यांचा पेला

समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याचं भूमिपूजन परवा आमच्या कोकणात झालं आणि प्रमुख पाहुणे तिथेच, सगळ्यांदेखत, समुद्राचं गोडं केलेलं पाणी प्यायले. कारखाना अजून व्हायचाय. जागेवर एक नारळ, एक कुदळ आणि मांडव, एवढंच होतं. पण पाणी गोडं होतं. पाहुणे म्हणालेसुद्धा, "वा! अगदी विहिरीचं वाटतंय."

मला तेव्हापासून त्या पेल्याने झपाटलंय. काचेचा पेला, वर मणी लावलेलं जाळीचं झाकण, खाली तबक. त्यात पाणी आलं कुठून? समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे करायचे तर हवेच्या दाबाच्या 60 पट दाबाने पाणी बारीक पडद्यातून रेटावं लागतं. मांडवात दाब होता, पण तो पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर. मांडवामागे सीलबंद बाटल्यांची खोकी होती, असं काही कोत्या मनाचे लोक म्हणतात. मी म्हणणार नाही.

त्यातून पाहुणे अर्धाच पेला प्यायले. त्यांना नावं ठेवू नका. कारखान्यातही निम्म्याच्या आसपासच पाणी गोडं होतं; उरलेलं जवळजवळ दुप्पट खारट होऊन पुन्हा समुद्रात सोडतात. पाहुण्यांनी फक्त प्रात्यक्षिक दाखवलं. त्या खारटाचं काय करायचं ते कोळंबीने ठरवावं, तिला कोण मांडवात बोलावतंय!

आता एक हिशेब. सूर्य समुद्राचं पाणी मीठ खाली ठेवून उचलतो आणि जून उजाडला की आमच्या कौलांवर आणून ओततो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात. हजार चौरस फुटांच्या एका छपरावर पावणेतीन लाख लिटर! ते पागोळ्यांतून अंगणात, अंगणातून वहाळात, वहाळातून खाडीत जातं, आणि आपण छत्री धरून बघत बसतो. गाळाने भरलेली तळी उपसायला पैसे नाहीत, कारण गाळाच्या टोपलीला फीत बांधता येत नाही. मग मे महिन्यात बायाबापड्या टँकरमागे हंडे घेऊन धावतात, आणि तेच पाणी, आता खारट झालेलं, हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज जाळून परत मिळवायची योजना निघते. अरे, ते गोडंच होतं की! दारात होतं! वाळवंटातल्या देशांनी हा खटाटोप केला तर समजतं, त्यांच्या आभाळातून काही पडत नाही. आमच्याकडे चार महिने पडतं तेव्हा ही मंडळी कुठे असतात? रेनकोटवाटपाला!

असो. बांधकाम लवकरच सुरू होतंय. फक्त एक बारीकशी अडचण आहे : काँक्रीट कालवायला खारं पाणी चालत नाही, आतल्या सळ्या गंजतात. तेव्हा गावच्या विहिरीवर ठेकेदाराचा पंप बसलाय, आणि गावाला टँकर मंजूर झालाय.