बंदुकीनं हाय खाल्ली

आमच्या विट्याची माणसं सोनं-चांदी आटवायला देशभर पांगलेली. कुठल्याही गावच्या सराफ कट्ट्यामागच्या बोळात शिरा, भट्टीच्या धगीबरोबर माणदेशी बोली कानावर येतेच. थोरले मामा त्यातलेच. चाळीस वर्षं कोइमतूरला मूस सांभाळली. आता गावी येऊन माझी उधळपट्टी सांभाळतात.

परवाची उधळपट्टी म्हणजे तापमान मोजायची बंदूक. लांबून घोडा दाबायचा, लाल ठिपका पडतो, आकडा येतो. 2020 साली अशाच एका बंदुकीनं एका कचेरीच्या दारात माझं कपाळ 33.8 अंश ठरवलं होतं आणि रखवालदारानं "नॉर्मल" म्हणून आत सोडलं होतं. तो आकडा खरा असता तर मला आत नव्हे, थेट दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण ती कपाळाची बंदूक. ही कारखान्यातली, उणे 50 ते 550 अंशांची.

पहिल्या दिवशी तिनं घर जिंकलं. भाकरीचा तवा 228. दुपारी गच्चीची फरशी 56. मग चहाचा स्टीलचा पेला मोजला : 37. मी निर्धास्त घोट घेतला आणि पुढचे दोन दिवस दहीभातावर काढले.

माहितीपत्रक मी तोंड पोळल्यावर वाचलं. वस्तू तापली की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जास्त फेकते. बंदूक तेवढेच मोजते. लाल ठिपका निव्वळ नेम धरायला. काळा तवा, फरशी, कातडी, पाणी हे किरण सढळ हातानं सोडतात. घासूनपुसून लख्ख केलेला धातू मात्र हात आखडतो, वर आरशासारखा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे किरण परतवतो. म्हणजे पेल्यानं मला बरंचसं स्वयंपाकघराच्या भिंतीचं तापमान सांगितलं होतं.

"उसनवारीवरचा थाट म्हण की," मामा म्हणाले. "चल, चांदीवर लाव."

ओळखीच्या गलाईवाल्याकडे भट्टी पेटलेली होती. चांदी वितळते 962 अंशांना, सोनं 1064ला. मी मुशीकडे नेम धरला. पडद्यावर आकडा येईना. दोन इंग्रजी अक्षरं आली : 'हाय'. माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, असं ती कळवत होती.

"आरं, हिनं तर हाय खाल्ली," मामा म्हणाले. त्यांनी मुशीत डोकावून पाहिलं, रंग बघितला, वरची साय फिरताना न्याहाळली आणि "वत" म्हणाले. कारागिरानं सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतली.

थोड्या वेळानं लगड बाहेर काढली. शुभ्र, लख्ख, अगदी सोज्वळ. मी घोडा दाबला : 49. मोठ्या विश्वासानं हात पुढं केला, तोच मामांनी मनगट धरलं आणि घागरीतल्या पाण्याचे चार थेंब लगडीवर शिंपडले. चर्रर्र!

"एकूणपन्नास, व्हय?"

अंतराचाही घोळ कळला. माझ्या बंदुकीचं प्रमाण 12ला 1. एक मीटरवरून रोखली तर ती आठ सेंटीमीटरच्या वर्तुळाची सरासरी घेते. तेवढ्यात लगडही येते, फरशीही येते आणि पलीकडं उभ्या कारागिराचा पायही.

बंदूक मी परत केली नाही. तव्यावर ती खरं बोलते, म्हणून तिची नेमणूक भाकरीवर झाली आहे. चकचकीत भांड्यावरही उपाय सापडला : बाहेरून काळी चिकटपट्टी लावायची, तिला भांड्याइतकं तापू द्यायचं आणि जवळून पट्टीवरच नेम धरायचा. दसऱ्याच्या पालख्या बघायला विट्याला आलात, तर चहाला घरी या. पट्टी लावलेला पेला तुमच्यापुढं आला तर त्याला चीर गेली आहे असं समजू नका. आणि त्यातनंही फुंकूनच प्या.