प्रोजेक्टवाले बाबा

शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो तो रात्री साडेनऊनंतर. इयत्ता सातवी, कला व कार्यानुभव. ‘प्राणी आणि प्राचीन संस्कृती’ या विषयावर एक कलाकृती सोमवारी आणावी. शक्यतो टाकाऊ वस्तू वापराव्यात. पालकांनी करून देऊ नये. ज्या मुलीसाठी हा निरोप असतो ती “बाबा, प्रोजेक्ट आहे” एवढं सांगून झोपायला जाते. बाबांची झोप मात्र थेट सोमवारपर्यंत उडते. शेवटची ओळ त्यांनी वाचलेली असते. पण ती इतर पालकांसाठी आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात या बाबांची वस्ती दाट आहे, आणि त्याला कारण मध्य रेल्वे. इथल्या नोकरदाराचे दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात. गर्दीत हात हलवता येत नाहीत, पण डोकं चालू राहतं. दादर ते कल्याण उभ्या उभ्या माणूस अख्खं मोहेंजोदडो मनात बांधू शकतो. घरी उतरेपर्यंत फक्त पुठ्ठा कापायचा बाकी असतो.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बॅगेत डब्याशेजारी पेपर कटर. वरच्या खिशात आइसक्रीमच्या चाटून स्वच्छ केलेल्या काड्या. रस्त्यात फ्रिजचा रिकामा खोका दिसला की पाय अडतो आणि “किती सुंदर पुठ्ठा आहे” असं तोंडातून निघून जातं. बायकोनं टाकायला काढलेली वस्तू या घरातून कचरागाडीपर्यंत कधी पोचत नाही. पूर्वी हे बाबा थर्माकोलवर जगत. २०१८ साली राज्यात त्यावर बंदी आली, तेव्हा पर्यावरणाचं भलं झालं म्हणून त्यांनी भाषण केलं आणि रात्री माळ्यावरचा साठा मोजून ठेवला.

हे सगळं येतं कुठून? माझं निदान असं, की या प्रत्येक बाबाच्या भूतकाळात एक एलिमेंटरीची परीक्षा असते. शासकीय रेखाकला परीक्षा म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ती कर्तव्यभूमिती. स्मरणचित्राला ‘आठवड्याचा बाजार’ आला होता. यांनी बाजार काढला, पाल काढलं, भाजीवाली काढली आणि कोपऱ्यात शेळी काढली. क श्रेणी मिळाली. परीक्षकांना ती शेळी कुत्रा वाटली असावी, हा संशय यांनी पंचवीस वर्षं जपला आहे. पुढे वाणिज्य शाखा, मग विमा कंपनी किंवा बँक, मग बदलापूरला वन बीएचके. शेळी तशीच राहिली. आता मुलगी सातवीत आली आणि कागदावर ‘प्राणी’ हा शब्द पुन्हा दिसला.

पहिला टप्पा संशोधनाचा. तो लोकलच्या डब्यातल्या ग्रुपसमोर पार पडतो. खिडकीजवळचे गृहस्थ म्हणतात, इजिप्त घ्या, मांजराची देवता होती, तयार चार्ट मिळतो. हे तुच्छतेनं हसतात. तयार चार्ट हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. चौथ्या सीटवरून अजिंठ्याची सूचना येते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, चौघांत मिळून डोकं एकच, आणि कुठल्याही हरणाकडे बघा, ते त्याचंच वाटतं. यावर क्षणभर विचार होतो, कारण तीन डोक्यांची मेहनत वाचते. मग “बाईंना वाटेल मुलीनं कंटाळा केला” म्हणून तेही बारगळतं.

वारलीचं नाव निघालं की मात्र हे उदार होतात. “वारली काय हो, दोन त्रिकोण जोडले की माणूस, कल्याण ते बदलापूरमध्ये होऊन जाईल!” जिव्या सोमा मशे यांनी जन्म घालवला त्या दोन त्रिकोणांत, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि हे गृहस्थ ते काम विठ्ठलवाडीच्या आत उरकायला निघालेले. अशा वेळी मी खिडकीबाहेर बघतो.

आमच्या डब्यातल्या बाबांच्या डोक्यात ठिणगी पडली ती उल्हासनगरला चढउतार करणाऱ्या एका सिंधी काकांमुळे. मोहेंजोदडो हा शब्द कानावर पडताच ते वळले. “वो तो हमारे लाड़काणा का है! बैल बनाओ, साईं.” फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या लोकांनी जे शहर उभं केलं, त्याच्या कॅम्प पाचमध्ये काकांचा जीन्स शिवायचा कारखाना. सिंधू संस्कृती शाळेच्या पुस्तकात यायच्या आधी ती त्यांच्या घरात होती, त्यामुळे त्यांचा अधिकार कुणीच नाकारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातली कतरण पोतंभर आणून दिली. फुकट. निळी, काळी, फिकट, काहींना खिसे तसेच.

पोतं बघून बाबांना साक्षात्कार झाला. बैल नाही. गेंडा! जाड, घड्या पडलेलं, चिलखतासारखं कातडं. जीन्सहून योग्य कापड जगात नाही. आणि गेंडा आपला होता. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत चार कांस्यशिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. भरीव ओतकाम, चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यातला गेंडा चाकांवर उभा आहे. हजारो वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कुणीतरी गेंड्याला चाकं लावली होती, ही माहिती बाबांनी अंबरनाथ ते बदलापूर या एका स्थानकात मला तीनदा सांगितली. “चाकं, कळलं का? म्हणजे तोही प्रोजेक्टच असणार कुणाचा तरी!” मला हा तर्क पुरातत्त्व खात्याच्या काही तर्कांइतकाच पटला.

रविवारी स्थळदर्शन. गेंड्यामागे प्राचीन पार्श्वभूमी हवी, म्हणून अख्खं कुटुंब अंबरनाथच्या शिवमंदिरात. शके ९८२, म्हणजे १०६०. शिलाहारांचं राज्य, भूमिज शैली, वालधुनीचा काठ. मुलीला हे सगळं रिक्षातच पाठ करायला लावलं होतं. पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात गेलं की वर आभाळ दिसतं, कारण शिखर अपुरं आहे. मुलगी वर बघत म्हणाली, “यांचं पण सोमवारपर्यंत झालं नाही वाटतं.” बाबांचं लक्ष नव्हतं. ते बाहेरच्या भिंतीवरच्या कीर्तिमुखांना टेप लावत होते. राखणदारानं जवळ येऊन “साहेब पुरातत्त्वचे का?” असं विचारलं आणि बाबा दोन इंच उंच झाले. नाही म्हणाले नाहीत. फक्त टेप गुंडाळताना “हं, चालू आहे काम” एवढंच म्हणाले.

या देवळात चित्रकलेचे विद्यार्थी पूर्वीही आले होते. १८६८ साली जे. जे. स्कूलची मुलं टेरीसाहेबांच्या हाताखाली इथं येऊन नकाशे, चित्रं आणि प्लॅस्टरचे साचे करून गेली. कुणाचे वडील बरोबर आले होते, अशी नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

“पण गेंडा कुठंय?” मुलीनं विचारलं.

“गेंडा नगरचा. इथं फक्त पार्श्वभूमी.”

तिनं मान डोलावली आणि आईबरोबर बोरं खायला गेली.

रात्र कत्तलीची होती. पेपरच्या लगद्याचा सांगाडा वाळेना म्हणून त्याला हेअर ड्रायर लावला. कीर्तिमुखाचा पुठ्ठा पंख्याच्या वाऱ्यानं उडून आमटीत पडला. चाकांना औषधाच्या बाटल्यांची झाकणं हवी होती, तेव्हा घरात सर्दी कुणालाच नाही याचं बाबांना मनापासून वाईट वाटलं. मुलीनं एकदा कात्री हातात घेतली तर “तू नको, वाकडं होईल” म्हणून काढून घेतली. जीन्सचे तुकडे फेविकॉलनं धरेनात. मग साडेबाराला मशीनवर बसली ती आई. पोटाखालची शिवण, कानांची चुणी, शिंगाचा बेत, सगळं तिचं. अशा कहाण्यांत आईचं नाव शेवटी ‘विशेष आभार’मध्येही येत नाही, म्हणून इथं मुद्दाम नोंदवतो. पाठीवरचा खिसा उसवायला तिनंच नकार दिला. “राहू दे, पेन ठेवता येईल.”

सोमवारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन. आपापल्या टेबलामागे बाबा उभे. मुलं मैदानात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले एक बाबा दायमाबादचाच रथ घेऊन आले होते. चाकं इतकी गुळगुळीत फिरत होती की आमच्या बाबांचा चेहरा पडला. “बेअरिंग टाकलंय का?” त्यांनी विचारलं. “ते सांगता येणार नाही,” असं उत्तर आलं, आणि विषय संपला. शेजारी विमकोच्या काड्यापेटी कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांच्या नातवाचा काड्यापेट्यांचा हत्ती होता. त्याच्या जवळ ‘हात लावू नये, पेटू शकतो’ अशी पाटी. पलीकडे तीन टेबलांवर तीन इजिप्तची मांजरं, तिन्ही एकाच दुकानातली, तिन्ही एकमेकींकडे पाठ करून.

बाई फिरत फिरत गेंड्यापाशी आल्या. मुलीला मैदानातून बोलावून आणलं. घामाघूम.

“हा कुठल्या संस्कृतीतला?”

“दायमाबाद. १९७४ला सापडला. भरीव आहे. म्हणजे तो. हा पेपरचा आहे.”

“छान. कसा केलास?”

मुलीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं.

“पाठीवर खिसा का आहे?”

“पेन ठेवायला,” मुलगी म्हणाली. पूर्ण प्रदर्शनात बाई एवढ्याच उत्तरावर हसल्या. वहीत काहीतरी लिहून पुढे गेल्या.

संध्याकाळी ग्रुपवर श्रेणी आल्या. बाबांनी त्या बदलापूरच्या फलाटावर, जिन्याच्या गर्दीत, धक्के खात वाचल्या. ब-१. घरी येईपर्यंत त्यांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मनात लिहून काढला होता. खिसा, मुद्दा फक्त खिशाचा, तो उसवायला मी सांगत होतो. चहा निवला. आई काही बोलली नाही. तिनं गेंड्याच्या खिशात वीजबिल ठेवलं.

मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून उठली, बाबांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे रे बाबा. रथवाल्या पप्पांना तर ब-२ मिळालाय.”

बाबांनी मान वर केली. “बेअरिंग असून?”