आकृती ७ पाहा (सापडल्यास)

प्रबंधात ‘आकृती ७ पाहा’ असं लिहिलं जातं, तेव्हा आकृती ७ खरोखरच सातवी असते. मग मार्गदर्शक दुसऱ्या प्रकरणात एक नकाशा घालायला सुचवतात, सातवी आठवी होते, आणि पावसाचा आलेख बघायला गेलेल्या परीक्षकांपुढे शेळ्यांचा फोटो येतो. यावर विद्यार्थ्यांचा लाडका उपाय म्हणजे ‘शोधा आणि बदला’. सगळे ७ काढून ८ केले, की आधीचे ८ आणि नवे ८ एकमेकांत मिसळतात. मग ८ चे ९ केले, की दोघंही जोडीनं पुढे सरकतात. वर १९७२चा दुष्काळ दर फेरीत दहा वर्षं लांबणीवर पडतो तो वेगळाच.

दोष विद्यार्थ्याच्या घाईत नाही. जी गोष्ट बदलणार हे ठाऊक आहे, तिच्यावर हवाला टांगण्यात आहे. आकडा म्हणजे रांगेतली जागा, आणि मध्ये कुणी घुसलं की जागा सरकणारच. जाणत्यांनी हे संगणकाशिवायच ओळखलं होतं. मराठी विश्वकोश नोंदीखाली ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीचं नाव देतो. खंड कितीही वर्षांनी निघो, नाव हलत नाही. संसदेनं तर राज्यघटनेतल्या अनुच्छेदांचे आकडेच गोठवले. २००२च्या घटनादुरुस्तीनं शिक्षणाचा हक्क आला, तेव्हा त्याला २२ न म्हणता ‘२१क’ म्हटलं, म्हणजे पुढच्या कुणालाही उठावं लागलं नाही. १९७८च्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३१ गेला. ३१क, ३१ख आणि ३१ग मात्र अजून तिथेच आहेत, जणू घरमालक गेला आणि भाडेकरू राहिले.

वर्डमधला क्रॉस-रेफरन्सही हवाला न हलणाऱ्या गोष्टीवर टांगतो. आकृतीच्या मथळ्यावर तो एक अदृश्य खूण ठेवतो. मजकुरातला हवाला त्या खुणेला बांधलेला असतो आणि आकडा तिथून उचलला जातो. यावर पहिला आक्षेप असा, की आकडे ताजे करायला सगळा मजकूर निवडून एफ-९ दाबावं लागतं, मग हे आपोआप कसलं? खरं आहे. पण दोनशे आकडे हातानं तपासणाऱ्याला एका कळीचे कष्ट जड जावेत, हे नवल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आकृती काढून टाकली, की हवाल्याच्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ अशी ठळक बोंब उठते, आणि ती छापूनही येते. येते, पण हातानं लिहिलेला हवाला अशा वेळी चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाचकाला नसलेल्या आकृतीकडे धाडतो. बोंब मारणारी चूक छपाईआधी शोधून सापडते. सभ्य चूक परीक्षकांनाच सापडते. तिसरा आक्षेप, आठ पानांच्या अहवालाला एवढा थाट कशाला? अहवाल आठच पानांचा राहणार असेल, तर नकोच. पण त्यावर समितीची बैठक बाकी असेल, तर तो आठ पानांत राहील या भरवशावर कुणी राहू नये.

तरीही ज्यांना एफ-९ नको, त्यांनी संसदेचा मार्ग धरावा. नव्या आकृतीला ‘६क’ म्हणावं, काढलेल्या आकृतीच्या जागी ‘निरसित’ छापावं. मार्गदर्शकांनी बदल सुचवलाच, तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागेल, असं नम्रपणे कळवावं.