उंदराला रजा

न्यू जर्सीतले शिक्षक दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीला अधिवेशन भरवतात. त्यासाठी गुरुवार-शुक्रवार शाळांना सुट्टी. अधिवेशनात काय ठराव होतात ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या चार दिवसांत आमचं निम्मं एडिसन गाव फ्लोरिडात असतं एवढं पक्कं ठाऊक आहे. डिस्ने वर्ल्डचे जाणकार या दिवसांना 'जर्सी वीक' म्हणतात. म्हणजे हजार मैल उडत जायचं, सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर फोटोसाठी उभं राहायचं, आणि 'द्या, मी काढतो' म्हणत जो गृहस्थ पुढे येतो तो आपल्याच कॉलनीतला निघायचा. ज्याला चुकवायला आपण रोज अर्धा तास उशिरा फिरायला निघतो, नेमका तोच.

आम्ही सहा वेळा गेलो. २०१६ला मुलांसाठी. २०१७ला माझे आईबाबा आले, त्यांना दाखवायला. २०१८ला सासूबाई आणि सासरे आले. माझ्या आईबाबांना दाखवलं आणि त्यांना नाही, असं झालं असतं तर तो विषय मला पुढच्या जन्मीही पुरला असता. २०१९ला दीर-जाऊ. २०२०ला साथ होती म्हणून सुटलो. २०२१ आणि २०२२ला कोणीसुद्धा आलं नव्हतं, तरी गेलो. का, ते विचारू नका. घरात गणपती एकदा पाच दिवसांचा बसवला की पुढे तो दीड दिवसांवर आणायला कोणी धजत नाही, तसंच काहीसं.

या देवस्थानची व्यवस्थापकीय विश्वस्त मी. माझ्या लॅपटॉपमध्ये 'ऑर्लँडो फायनल', 'ऑर्लँडो फायनल नवी' आणि 'ऑर्लँडो फायनल हीच बघा' अशा तीन एक्सेल फायली आहेत. तिसरीत दर पंधरा मिनिटांची नोंद आहे. मुलांना शू कधी लागेल याचा स्वतंत्र रकाना आहे. त्या काळी रांग टाळायचा फास्टपास फुकट मिळायचा, पण तिथल्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना तो साठ दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला घ्यावा लागायचा. बाकी अमेरिका त्या वेळी डोळे चोळत असायची. मी मात्र रेल्वेच्या तत्काळ तिकिटांवर तयार झालेली. माझ्या फोनवर एक लॉगिन, नवऱ्याच्या फोनवर दुसरं, मुलाच्या टॅबवर तिसरं. सात वाजून चाळीस सेकंदांनी 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' आमच्या खिशात. मे महिन्यात कोकणकन्येची पाच तिकिटं काढलेल्या बाईला सात बुटके काय अडवणार!

इतरांच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. आमच्याकडे आधी खुणा केल्या आणि मग मुलं तिथपर्यंत वाढवली. ३८ इंच भरले की माइन ट्रेनमध्ये बसू देतात, ४४ भरले की स्पेस माउंटनमध्ये. २०१८ला कन्या साडेत्रेचाळीसवर येऊन अडकली. महिनाभर वरणभातावर तुपाची धार वाढवली, निघताना दोन जोड मोजे घातले. मोजपट्टी धरून उभ्या असलेल्या मुलीनं हसून मान हलवली. कन्येनं तिथेच बसकण मारली आणि असा सूर लावला की मागच्या रांगेतल्या दोन अनोळखी बायकांनी पर्स उघडून तिला चॉकलेटं दिली. सासूबाईंना हा कारभारच मान्य नव्हता. "आमच्या वेळी शाळेत घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. धरता आला की पोर सहा वर्षांचं. इथे कान धरून बघा म्हणावं."

सासूबाईंची ती वारी आमच्या घरात अजून सांगितली जाते. डिस्नेच्या ॲनिमल किंग्डममध्ये एक आशिया आहे, आणि त्यात 'आनंदपूर' नावाचं एक काल्पनिक गाव वसवलंय. भिंतींचे पोपडे निघालेले, रंगवलेल्या जाहिराती पुसट झालेल्या, गंजकी सायकल भिंतीला टेकवलेली, खांबावर वायरींचं जंजाळ. सासूबाई साताऱ्याच्या. त्यांनी बघितलं, चष्मा पदरानं पुसला, पुन्हा बघितलं.

"एवढं तिकीट घेतात आणि रंग द्यायला पैसे नाहीत?"

"आई, तो मुद्दाम उडवलाय. कलाकार लावून."

त्यांना पटेना. त्यांनी भिंतीशी जाऊन एका पोपड्याला नख लावलं. पोपडा निघाला नाही, तेव्हा पटलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आमची नगरपालिका हे फुकटात करते." सासऱ्यांनी तिथल्या सायकलीचा फोटो काढून साताऱ्याच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तिघांनी विचारलं, परत कधी आलात?

सासरे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले. सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे, वरचे भाग मुद्दाम लहान केलेत म्हणून खालून आणखी उंच भासतो, वगैरे मी त्यांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वर पाण्याचं टाकं आहे का?"

सासूबाईंना मनापासून आवडलं ते एकच. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'. होडी हळू जाते, डोक्यावर छप्पर, आत गारवा आणि बसायला मिळतं. तीनदा बसल्या. मी कौतुकानं सांगितलं, की ही मूळ कल्पना १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी साकारली होती, क्वीन्समध्ये, आपल्या घरापासून तासाभरावर. यावर त्या माझ्याकडे जे बघत राहिल्या, ते बघणं मी विसरलेले नाही. "तासाभरावर होतं," त्या शेवटी नवऱ्याला म्हणाल्या, "आणि ही आपल्याला विमानानं इथे घेऊन आली."

बाकी खाण्याचे हाल कधी झाले नाहीत. तिथे घरचा खाऊ आत नेता येतो. त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चटणी, आणि दिवाळी जवळ असली तर चकल्या. बेसनाचे लाडू विमानतळावर मात्र दर वेळी ट्रेमध्ये वेगळे काढून तपासले जातात. अकरा पिवळे गोळे एका डब्यात, यंत्राच्या पडद्यावर ते कसे दिसत असतील याची मला कल्पना आहे, म्हणून माझी तक्रार नाही.

२०२१ला तर लक्ष्मीपूजन नेमकं त्या गुरुवारीच आलं, ४ नोव्हेंबरला. हॉटेलच्या खोलीत ज्योत लावायची सोय नव्हती, म्हणून बॅटरीचे दिवे. झेंडूऐवजी नाश्त्याच्या टेबलावरून आणलेलं एक केशरी जर्बेरा. ताटात ठेवायला नाणी शोधली तर कोणाकडे एकही निघेना. मग नवऱ्यानं मनगटावरचा मॅजिकबँड काढून ताटात ठेवला. त्या मनगटी पट्ट्यानंच खोलीचं दार उघडतं, त्यानंच दुकानात पैसे दिले जातात. आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं. सकाळपासून लक्ष्मी त्याच वाटेनं जात होती, तेव्हा जागा चुकली नव्हती.

मग २०२३ उजाडलं आणि ऑक्टोबरात कन्या दहा वर्षांची झाली.

डिस्नेच्या हिशेबात तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तीन ते नऊ मूल, दहाव्या वाढदिवसापासून मोठं माणूस. आमच्या कन्येचं या हिशेबाशी जन्मापासूनचं वाकडं आहे. २०१६ला गेलो तेव्हा तिला तीन पूर्ण होऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि आता दहा. खरं सांगायचं तर लहान-मोठ्यांच्या तिकिटात फरक फार नसतो, दिवसाला थोडेच डॉलर. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? मराठी माणसाचे भाऊबंदकीचे खटले तत्त्वावर चालतात, मग सहल का मोडू नये?

सासूबाई त्या दिवाळीला आमच्याकडेच होत्या, एकट्या. सासरे गुडघ्यांमुळे साताऱ्यालाच थांबले होते. "नऊच सांगा की," त्या म्हणाल्या. "एसटीत पोराचं अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत असतं आणि आपण ते चौदापर्यंत चालवतो." मी म्हटलं, इथे नाही चालत. "मग मला काही सवलत? एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट आहे." मी शोधलं, सापडली नाही. "मग राहू दे," त्या म्हणाल्या, "होडीत बसून झालंय माझं." असं ते ठरलं. यंदा उंदराला रजा.

मी मोठ्या रुबाबात सगळ्यांना सांगितलं, आता चार दिवस कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. झोपा. लोळा.

गुरुवारी ९ तारखेला पहाटे पावणेसहाला आम्ही चौघंही जागे होतो. दरवाजे उघडायच्या आत पोचायची सवय अंगात भिनलेली. मुलगा स्वयंपाकघरात बूट घालून उभा. नवरा चहाचा कप घेऊन आला आणि अगदी सहज विचारून गेला, "पहिलं काय आहे आज?" पहिलं काहीच नव्हतं. दुसरंही नव्हतं. खिडकीतून बघितलं तर समोरच्या ओळीत सहा घरं अंधारात. आपापल्या गाड्यांतून सगळे पहाटेच विमानतळाकडे गेलेले. आठ वाजेपर्यंत मी दोन्ही कपाटं आवरली, मसाल्याचे डबे वर्णक्रमानं लावले आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत एक नवी एक्सेल फाइल उघडली. नाव दिलं 'घर फायनल'. नवऱ्यानं मागून येऊन पडदा बघितला. बिचारा काही बोलला नाही, फक्त 'शू'चा रकाना पुसून टाकला.

तेव्हा माझं मलाच उमगलं. सहा वर्षं मी सुट्टीवर गेलेच नव्हते. मला सुट्टी नको होती, मला अंमल हवा होता. रोजच्या ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, तिथे मात्र पाच-सहा माणसं मी बोट दाखवीन तिकडे धावायची. मॅजिक किंग्डम १९७१पासून चालू आहे, पण माझ्या मते २०१६ ते २०२२ या काळात ते माझ्याच हाताखाली होतं.

शुक्रवारी फराळाचं राहिलेलं सामान आणायला ओक ट्री रोडवर गेलो. दिवाळी रविवारवर आलेली. गाडी लावायला पस्तीस मिनिटं. मिठाईच्या दुकानात टोकन मिळालं ८६ नंबरचं, काउंटरवर चालू होता ४१. मुलांचे चेहरे पहिल्यांदा उजळले. दोघं आपणहून भिंतीला लागून एकामागे एक उभे राहिले, पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या, मुलानं माझी पिशवी घेतली. नवरा कानाशी पुटपुटला, "लाइटनिंग लेन नाही का इथे?" मी म्हटलं, आहे, पण त्यासाठी मालकाचा मेहुणा असावं लागतं. बाहेर पडताना कन्येनं विचारलं, "आई, एक्झिटला गिफ्ट शॉप का नाही?"

शनिवारी चकल्या. भाजणी सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली, सोऱ्या पितळी, माझ्या लग्नातला. पहिला घाणा तेलात विरघळला. मोहन जास्त झालं होतं आणि ते मी घातलं होतं, पण सासूबाईंनी दोष इथल्या तेलावर ढकलला. याला मी आजवरचं सर्वांत मोठं सासुरसुख समजते. दुसऱ्या घाण्यापासून काटे आले आणि सोऱ्या कोणी दाबायचा यावरून दोन्ही मुलं भांडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, मला एका वेळी एकच माणूस इथे हवं. झालं. कन्येनं फ्रिजवर कागद चिकटवला, 'वेटिंग टाइम ३५ मिनिटं'. जमिनीवर माझ्या ओढण्या आडव्या-तिडव्या टाकून नागमोडी रांग आखली. रांगेत तीन माणसं होती. नवऱ्यानं पुढे घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं त्याला थांबवून दर सांगितला. एका पुढच्या नंबरासाठी रात्रीची भांडी. त्यानं दिला.

मी मात्र ओट्याशी उभी होते, झारा हातात, आणि माझ्या लक्षात आलं की मला कोणी काही विचारत नाहीये. फोनवर मंडळाच्या ग्रुपवर धडाधड फोटो येत होते. किल्ला, किल्ला, टर्कीचा तंगडा, किल्ला. एका फोटोत शेजारचा तो गृहस्थ कोणाचा तरी फोटो काढून देत होता. जरा बरं वाटलं. आणि जरा, खोटं कशाला बोलू, पोटात तुटलंही.

रविवारी लक्ष्मीपूजन झालं. खरे दिवे, खरा झेंडू, ताटात नाणी. सासूबाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "यंदा घरात राहिली बघ."

सासूबाई डिसेंबरात परत गेल्या. 'घर फायनल' मी पुसून टाकली. बाकीच्या तीन आहेत अजून, असू देत, जागा कितीशी घेतात.

काल नणंदेचा फोन आला. पुढच्या नोव्हेंबरात ती सगळ्यांना घेऊन येतेय. मी फार काही बोलले नाही, फक्त तिच्या धाकट्याची उंची विचारली. त्रेचाळीस इंच आहे.