जाऊनच रायलो नं!

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या छत्रीभाऊला एकाच कामासाठी घराबाहेर पडलेलं कुणी पाहिलेलं नाही. हिंगणघाटहून सेलूला फ्री डिशची छत्री बसवायला निघाला, की हँडलला कुणाच्या तरी लेकीसाठी तुरीच्या डाळीची पिशवी, खिशात शेजाऱ्याचा सातबारा, डिक्कीत मोटारपंपाचं स्टार्टर. "जाऊनच रायलो नं, द्या!" नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. वेळेवर पोचणंही नाही.

गच्चीवर चढून तो छत्रीचं तोंड आग्नेयेला करतो, एलएनबी दोन बोटांनी हळूच पिळतो आणि खाली ओरडतो, "क्वालिटी किती जी काकू?"

"शून्यच हाय!"

मग पाना खाली ठेवून व्याख्यान सुरू. छत्री ज्याच्याकडे बघते तो जीसॅट-15. 11 नोव्हेंबर 2015, ऐन लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-5 रॉकेटनं वर गेला. टीव्हीसाठी 24 ट्रान्सपॉन्डर, आणि सोबत इस्रो व विमानतळ प्राधिकरणाच्या 'गगन'चं सामान. जीपीएसचा संकेत आयनांबरातून येताना काही मीटरनं चुकतो. देशभरातली 15 केंद्रं ती चूक मोजतात, त्यांतलं एक आपल्या नागपुरात. दुरुस्ती उपग्रहावर जाते, तिथून थेट पायलटकडे. जीसॅट-8 आणि जीसॅट-10 यांच्याही पाठीवर हेच ओझं. "येवढ्याशा यंत्रासाठी अलग उपग्रह कोन सोडन? हा 36,000 किलोमीटर जाऊनच रायला, तं घेऊन जा!" हे सांगताना भाऊचा चेहरा असा, जणू इस्रोनं ही युक्ती त्याच्याच डिक्कीत पाहिली.

"मंग मी सिरियल बंद केली तं विमान पडन का रे?" काकूंनी एकदा घाबरून विचारलं.

भाऊ बराच वेळ गप्प. खरं सांगावं तर महत्त्व जातं. शेवटी नाइलाजानं म्हणाला, "नाही पडत. त्याची फ्रिक्वेन्सी अलग असते."

या जोडकामात एक गोम आहे, आणि ती भाऊ आपणहून कधी सांगत नाही. वाहणारा अडला की सगळ्यांचंच अडतं. मागच्या तान्ह्या पोळ्याला पुलगावला जाताना देवळीजवळ त्याची गाडी बंद पडली. डिक्कीत एका पोराचा लाकडी नंदी होता. पोरगं सजूनधजून दारात उभं, मिरवणूक पुढे गेली, आणि भाऊ उगवला दिवेलागणीला. पोराच्या आईनं तोंडाचा पट्टा सोडला, तसा हा शांतपणे म्हणतो, "वहिनी, 2010 मध्ये अमेरिकेचा गॅलेक्सी-15 बिघडला. त्याच्यावर बी टीव्हीसंगं विमानाचं यंत्र होतं. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत कोनाचंच ऐके ना, आपला भटकून रायला. माही गाडी तं तीनच घंटे बंद होती!"

"अमेरिकेत तान्हा पोळा नसते, भाऊ," वहिनी म्हणाली.