चवीपुरतं कॉस्टिक

दसरा उलटला की आमच्या पुंडलिकनगरातल्या ओट्यांवर चकलीच्या सोऱ्याशेजारी सिलिकॉनचे साचे दिसू लागतात. विकतच्या साबणात केमिकल असतं म्हणे, म्हणून यंदा घरचा. शिक्षण मोबाइलवर झालेलं असतं. चार मिनिटांच्या व्हिडिओत सगळं दिसतं: तेल, साचा, गुलाबाच्या पाकळ्या, बाईंच्या बांगड्या. वजनकाटा तेवढा दिसत नाही.

दिसला असता तरी आणला नसता म्हणा. आपलं स्वयंपाकघर अंदाजावर चालतं. मीठ चवीपुरतं, पोहे मूठभर, तेल 'घाल थोडं'. आणि हा अंदाज चुकत नाही, कारण चुकला तर बटाटा टाकता येतो, पाणी वाढवता येतं. साबणात बटाटा टाकून भागत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण आणि ग्लिसरीन होतं, आणि कोणत्या तेलाला किती कॉस्टिक हे ठरलेलं आहे. अर्धा किलो खोबरेल तेलाला साधारण 91 ग्रॅम लागतं, तेवढ्याच करडईच्या तेलाला 68. जाणकार त्यातूनही पाच टक्के कमी घालतात, म्हणजे थोडं तेलच उरावं, कॉस्टिक उरू नये.

व्हिडिओतल्या बाईंनी खोबरेल घेतलेलं. आपण मराठवाड्याचे, आपल्याकडे करडई. तीही लाकडी घाण्याची, एकदम शुद्ध. तेलाच्या शुद्धतेबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. कॉस्टिक मात्र खोबरेलाच्याच मापानं पडतं, म्हणून बाकी 23 ग्रॅम तसंच वडीत राहतं आणि अभ्यंगाच्या पहाटे आपली ओळख करून देतं. बरं, हिशोब बरोबर केला तरी करडईचा साबण मऊच राहतो. काही महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके उमटतात आणि कपाटातून खवट वास येतो. तेल घाण्याचं असल्याची तेवढी एक खूण उरते.

कॉस्टिकला घाबरणारा दुसरा पंथ आहे. तो म्हणतो, सोडा तो सोडा, आपल्या घरात आहेच की! आणि खायचा सोडा घालतो. दोन तास घोटूनही तेल वर आणि सोडा खाली. मग धुण्याचा सोडा आणला जातो. त्यालाही ते जमत नाही. मनगट मात्र दणकट होतं.

खरी गंमत पुढं आहे. इथल्या कित्येक घरांतले कर्ते चिकलठाण्याला नाहीतर वाळूजला कंपनीत जातात. तिथं टाक्या आणि नळ्या धुवायला हेच कॉस्टिक वापरतात. रबरी हातमोजे, गॉगल, भिंतीवर लाल अक्षरांत सूचना, आणि गॉगल नसेल तर सुपरवायझरची बोलणी. तोच माणूस रविवारी घरी बनियनवर उभा राहून तेच कॉस्टिक वरणाच्या डावानं ढवळतो. तेही ॲल्युमिनियमच्या पातेल्यात! कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं. पातेलं काळं पडतं, फेस वर येतो, शेजारी गॅसवर चकल्या चालूच. स्टीलचं पातेलं वरच्या फळीवर असतं, पण ते म्हणे 'चांगलं' आहे, पाहुण्यांसाठी.

पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, हा पहिला धडा. कॉस्टिक विरघळताना पाणी 80 अंशांच्या आसपास तापतं. उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. उडालंच, तर उपाय काय? लिंबू नको, व्हिनेगर नको. किमान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. ही सूचना ज्यानं लिहिली तो आपल्या गावचा नसणार. जलकुंभ दाराशी असून नळाची वाट पाहणारे आपण. धरणाचा नाथसागर जलाशय भरला तरी आपला नळ दिवस मोजूनच येतो. तेव्हा पुंडलिकनगरात साबण करायचा मुहूर्त पंचांगात पाहू नये, लाइनमनला विचारावा.

आता सौंदर्य. हळद घातली की सोनेरी साबण होईल, ही आशा. पांढऱ्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरातली प्रत्येक बाई जाणते. पण साबणातच हळद घालताना हे ज्ञान रजेवर जातं. वडी विटकरी निघते. गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी होतात, तुळशीची पानं काळपटतात. शेळीचं दूध गरम द्रावणात ओतलं की करपून नारिंगी होतं आणि घरात असा वास सुटतो की शेजारी 'कुणाचं काही जळतंय का' म्हणून बेल वाजवतात. लवंगेचं तेल घातलं तर मिश्रण साच्यात ओतायची गरजच उरत नाही. ते पातेल्यातच घट्ट होतं, डावासकट.

इतकं करून वडी निघालीच, तर तिला चार ते सहा आठवडे वारा लागू द्यायचा, म्हणजे पाणी उडून ती कडक होते. पण दिवाळी पंधरा दिवसांवर. मग ओलीच वडी जाळीदार पिशवीत, वर सॅटिनची रिबीन आणि 'केमिकल फ्री'चं लेबल. आंघोळीचा साबण करून विकायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 प्रमाणे परवाना लागतो, तो अन्न व औषध प्रशासन देतं. हे सांगितलं की लोक आपल्याकडेच संशयानं पाहतात.

दिवाळीच्या प्रदर्शनात जाल तेव्हा स्टॉलवर तीनच प्रश्न विचारा. तेल कोणतं? कॉस्टिक किती? वडी केली कधी? 'अहो, आम्ही कॉस्टिक घालतच नाही,' असं उत्तर आलं, तर दोनच शक्यता उरतात. एक, बाजारातून तयार बेस आणून वितळवलाय, म्हणजे कॉस्टिक दुसऱ्या कुणीतरी मोजून घातलंय. दोन, हातात आहे तो साबणच नाही. भाव दोन्हींचा एकच, 120 रुपये.