काकाजींचा उन्हाळी हंगाम

एप्रिल निम्मा सरला की नागपुरातली शहाणी माणसं कूलरच्या ताट्या बदलतात, खिडक्यांना पडदे लावतात आणि दुपारी बारा ते पाच जगाशी संबंध तोडतात. काकाजी याच सुमाराला पेरणी करतात.

काकाजी ही एक व्यक्ती नव्हे. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत दर दोन गल्ल्यांमागे एक काकाजी सापडतात. नोकरीतून निवृत्त, डोक्याला ओला दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात कांदा आणि गच्चीवर हिरवी जाळी. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, एवढाच काय तो फरक.

विदर्भाच्या उन्हात पिकणाऱ्या भाज्या नाहीत असं नाही. भेंडी येते, गवार येते, चवळी येते, मायाळूचा वेल तर ऊन पिऊन माजतो. पण यातलं काही लावा म्हटलं की काकाजींचा चेहरा पडतो. "भेंडी कोनाच्याही घरी येते हो. त्यात आपलं काय?" त्यांना मे महिन्यात पालक हवा असतो. टमाटर हवे असतात. आणि सगळ्यांत जास्त हवा असतो सांबार. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि मे महिन्यात तिच्या जुडीचा भाव हलक्या आवाजात सांगतात. सांबाराला गारवा लागतो. माती तापली की धने उगवायला कुरकुर करतात, आणि उगवलेच तर वीतभर होण्याआधी फुलोऱ्यावर येऊन मोकळे होतात. काकाजींना हे सगळं पाठ आहे. धने रगडून दोन डाळ्या करणं, रात्रभर भिजवणं, ओल्या फडक्यात बांधून माठाखाली ठेवणं, सगळं यथासांग होतं. माठाखालचा गारवा धन्यांना मिळतो आणि घरातल्या माणसांना कोमट पाणी मिळतं.

पाण्याच्या नियोजनात मात्र खात्याचा माणूस दिसतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून पहिली पाळी पहाटे चारला. बादल्यांच्या आवाजानं आम्ही उठतो. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी चालत नाही, त्यात क्षार फार. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे आमच्या एसीच्या नळीखाली त्यांची बादली असते आणि ते रोज येऊन पातळी बघून जातात. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीतून थेंब मोजून पडतात. काकाजींना ते मान्य नाही. "तुम्ही २६ वर ठेवता वाटते. २० वर करा, पानी वाढते." वाढलेलं वीजबिल कोणत्या खात्यावर टाकायचं, यावर चर्चा होत नाही.

सलाइनच्या जुन्या नळ्या जोडून त्यांनी ठिबकही केलं आहे. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही, ही तक्रार शेतकरी या साहेबांकडे वर्षानुवर्षं करत आले. आता त्यांच्याच ठिबकच्या टेलला ठेवलेली वांगी वाळली. मी ते लक्षात आणून दिलं, तर सवयीनं म्हणाले, "लेखी द्या."

खत म्हणजे जीवामृत. आपल्या विदर्भातल्याच सुभाष पाळेकरांनी प्रसिद्ध केलेलं हे मिश्रण एका एकरासाठी आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. एकराचा हिशेब गच्चीला बसवताना काकाजींनी शेण कमी केलं, पाणी कमी केलं. गूळ आणि बेसन मात्र "थोडं जास्तच बरं" म्हणून होतं तेवढंच ठेवलं. त्या महिन्यात घरात झुणका झाला नाही. उन्हाळ्यात ते आंबतं भराभर, आणि संध्याकाळी वारा आमच्या बाजूला असतो.

गच्चीचा दुसरा हक्कदार काकू. पापड, कुरड्या, मुगवड्या यांचाही हंगाम हाच. त्यांना हवं कडक, उघडं ऊन. काकाजींना हवी पन्नास टक्के सावलीची जाळी. दोघांमध्ये खडूनं आखलेली हद्द आहे आणि ती दर आठवड्याला काकूंच्या बाजूला सरकते, असं काकूंचं म्हणणं आहे. मला विचाराल तर ऊन कसं वापरावं हे त्या गच्चीवर एकाच माणसाला कळतं, आणि ते माणूस काकाजी नव्हे. एका संध्याकाळी वावधन सुटलं, जाळी उपटून निघाली आणि जीवामृताच्या पिंपाला लोळवून थेट कुरड्यांवर पडली. पुढचे तीन दिवस काकाजी आमच्याकडे चहाला होते.

टमाटरचं झाड मात्र खरोखर चांगलं वाढलं होतं, फुलंही आली. पण पारा पस्तिशीच्या वर राहिला की टमाटरचा पराग निकामी होऊ लागतो आणि फुलं गळतात. इथे तर तो पंचेचाळिशीला टेकलेला. काकाजींनी कुठंतरी पाहिलं की फुलाला कंप दिला तर फळ धरतं. ते खोटं नाही, भुंगा तेच करतो. म्हणून भल्या पहाटे डोक्याला टॉर्च बांधून ते एकेका फुलाला विजेवर चालणारा टूथब्रश लावू लागले. ब्रश मुलानं पाठवलेला होता. काकूंनी खाली येऊन मला एवढंच विचारलं, "त्याच ब्रशनं दात घासतात का हो हे, तुम्ही पाहिलं का?"

काकाजींच्या डोळ्यांत उतरलेला आनंद मी पाहिला तो ३० मे २०२४ रोजी. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं. पुढे हवामान खात्यानं ते यंत्राच्या बिघाडानं आल्याचं सांगितलं. काकाजींनी तो खुलासा स्वीकारलेला नाही. त्यांचा पालक ५६ अंशांत गेला आहे. ४५ मध्ये कोणाचाही जातो.

उत्पन्न निघालंच तर त्याचं वाटप समारंभानं होतं. वाटीत आठ-दहा काड्या सांबार येतो आणि मागोमाग काकाजी येतात. वास घ्या म्हणतात. मंडईतल्या सांबाराला असा वास येतो का, विचारतात. रात्री भाजीत टाकला का, हेही विचारून जातात. खरं सांगायचं तर वास चांगला असतो. काकू मात्र दर रविवारी कॉटन मार्केटमधून दोन जुड्या आणतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्यानं नेतात.

त्या गच्चीवर भरघोस पीक एकच येतं, ते म्हणजे घोळ. जाड, पाणीदार पानांची ही रानभाजी टमाटरच्या कुंड्यांमध्ये आपोआप उगवते. तिला ना जाळी लागते ना गूळ. काकाजी ती तण म्हणून उपटतात आणि कोपऱ्यात फेकतात. काकू ती निवडतात आणि डाळ घालून शिजवतात. काकाजी दोन भाकरी जास्त खातात आणि बोट चाटत म्हणतात, "पालक छान झाला."

मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांच्याच कुंड्यांत काहीतरी उगवायला लागतं, आणि काकाजींचा रस संपतो. पावसाळ्यात ते गच्चीवर फिरकत नाहीत. गेल्या जुलैत मात्र रिक्षातून एक रोप उतरलं. हिमाचलमधल्या हरिमन शर्मांनी शोधलेलं, उष्ण प्रदेशात येणारं एचआरएमएन-९९ जातीचं सफरचंद. काकूंनी रोप पाहिलं, गच्चीची किल्ली पदराला बांधली आणि विचारलं, "याले पन बेसन लागते काय जी?"